मागच्या खोलीतला हलवा

“रथसप्तमीपर्यंत राहा सुलभा, मग मात्र खोल्या मोकळ्या कर,” निकमकाकू दारातूनच म्हणाल्या आणि हातातली वाटी त्यांनी आईच्या नाकाखाली धरली. वाटीत देवापुढचं दूध-साखर होतं आणि त्यात मुंग्या पोहत होत्या. “बघ! माझा देव उपाशी आणि तुझ्या मुंग्या जेवतायत.”

आईने वाटीत डोकावून पाहिलं. “काकू, मुंग्यांवर काय माझं नाव लिहिलंय का?”

“तुझ्याच आहेत. जिन्यावरनं पार वरपर्यंत रांग लागलीय. सगळ्या साताऱ्याची साखर तुझ्या घरात, मग मुंग्या काय माझ्या माहेरी जातील? आणि मुंग्यांचं सोड. दिवसभर बायकांची ये-जा, जिन्याखाली चपलांचा ढीग. आगं, घर राहायला दिलं होतं, दुकान मांडायला न्हाई.”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच आमची पंचाईत होती.

मी तेव्हा दहावीत होते. साताऱ्यात निकमांच्या घरात खालच्या दोन खोल्या आमच्या होत्या. वर निकमकाका, काकू, त्यांचा अभिजित आणि नुकतीच लग्न होऊन आलेली सून प्रणिता. खोल्या देताना काकांनी स्वच्छ शब्दांत बजावलं होतं, धंदा चालणार नाही. आम्ही मान डोलावली होती. पण मान डोलावून पोट भरत नाही. बाबांच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हापासून आई हलव्याचे दागिने करत होती, ते इथेही चालूच राहिलं. नव्या सुनांच्या पहिल्या संक्रांतीला हार, बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा. लहान पोरांच्या बोरन्हाणाला मुकुट नि बासरी. पांढऱ्याशुभ्र काटेरी हलव्याचे ते दागिने काळ्या चंद्रकळेवर असे उठून दिसायचे की एका घरात गेले की शेजारच्या तीन घरांतून निरोप यायचे. या धंद्यापायीच आधीची दोन घरं आम्हाला सोडावी लागली होती. हे तिसरं. माझी परीक्षा तोंडावर, ऐन हंगाम, आणि पुन्हा बोचकी बांधायची पाळी.

काकू वर गेल्या. आईने दार लोटलं आणि मागच्या खोलीच्या पडद्याकडे बघून म्हणाली, “ऐकलंत ना?”

“ऐकलं,” पडद्यामागून आवाज आला. “पाक आण. दाणा कोरडा पडतोय.”

आता गुपित सांगून टाकते. हलवा आई करत नव्हती. हलवा बाबा करायचे.

सुरुवात आईनेच केली होती, आजीकडून शिकलेल्या पद्धतीने. मंद कोळशाच्या शेगडीवर पितळी परात, परातीत तीळ, त्यावर चमचाभर एकतारी पाक, आणि तो वाळेपर्यंत बोटांनी फिरवत राहायचं. वाळला की पुन्हा चमचाभर. घाई केली तर साखर भुगा होऊन पडते, हात थांबला तर दाणे एकमेकांना चिकटतात. पण आई कुकरची शिट्टी झाली की उठायची, दार वाजलं की उठायची, मी हाक मारली की उठायची. तिचा हलवा लिमलेटच्या गोळ्यांसारखा गुळगुळीत व्हायचा. एकदा ती अशीच उठली आणि घरी बसून असलेल्या बाबांना म्हणाली, “जरा हात फिरवा हो, आलेच.” ती आली तेव्हा बाबा परातीवर वाकले होते आणि तिळावर बारीक बारीक काटा उभा राहिला होता. कारखान्यात लेथवर उभं आयुष्य काढलेला माणूस. नजर हटवायची नाही आणि हात हलका ठेवायचा, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

त्या दिवशी आईला एवढा आनंद झाला की तिने परातीचीच दृष्ट काढली. बाबांनी मात्र तिला शपथ घातली. “हे बाहेर कळता कामा नये. कारखान्यातले म्हणतील, मनोहर शेटे बायकांच्या परातीत बोटं घालून बसला.”

तेव्हापासून पुढच्या खोलीत आई दागिने ओवायची, गिऱ्हाइकांशी बोलायची. आणि मागच्या खोलीत, पडद्याआड, बाबा. कुणी आलं की आम्ही रेडिओ लावायचो, म्हणजे परातीचा आवाज ऐकू जाऊ नये. कारखान्यातला जुना दोस्त आला तर परात कॉटखाली आणि बाबा चादरीखाली. कुणी विचारलं, “काय करता सध्या?” की ते म्हणायचे, “बघतोय काहीतरी.”

बायकांनाही तेच दिसायचं. सुलभा राबते आणि नवरा मागे झोपा काढतो. दागिने बघायला आलेल्या बायका पडद्याकडे डोळे करून हळूच म्हणायच्या, “आयत्या बिळावर नागोबा.” हळू म्हणजे इतकंच हळू, की पडद्याआड नीट ऐकू जावं. आई ओठ घट्ट मिटून दोऱ्याला गाठ मारायची. मला त्या बायकांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटायच्या. आत परातीवर हात फिरत राहायचा.

काकूंनी वाटी दाखवली त्याच आठवड्यातली गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती आणि रविवारी वरती प्रणिताच्या पहिल्या संक्रांतीचं हळदीकुंकू ठरलं होतं. कोल्हापूरहून तिचे आईवडील येणार, अर्धा सातारा येणार. दागिने काकूंनी आमच्याकडे सांगितले नव्हते. भाडेकरणीपुढे कशाला तोंड उघडायचं! ते पुण्याहून मोठ्या दुकानातून आले होते आणि आम्ही बघावे म्हणून पेटी उघडीच जिन्यावरून वर गेली होती.

शुक्रवारी दुपारी आई सोनेरी फीत आणायला बाजारात गेली होती. दार वाजलं. बघते तर प्रणिता, हातात झाकलेलं ताट, डोळे लाल.

“शेटेकाकू आहेत?”

“बाजारात गेलीय. काय झालं?”

तिने ताटावरचा रुमाल काढला. पुण्याचे दागिने ताटात रडत होते. काटा विरघळलेला, हाराचा लगदा, बिंदीचा रंग बाजूबंदाला लागलेला.

“फ्रिजमध्ये ठेवले होते,” ती हुंदका गिळत म्हणाली. “सासूबाई म्हणाल्या, ताजे राहतील.”

मला हसू आवरेना. लग्नात आलेला तो फ्रिज काकूंनी दिवाणखान्यात मांडला होता, त्यावर विणलेला रुमाल घातला होता, आणि घरातली प्रत्येक वस्तू त्यात जायची. भाकरी, लोणचं, अत्तराची कुपी. एकदा म्हणे काकांचा चष्मासुद्धा आत निघाला. पण हलवा फ्रिजमध्ये! बाहेर काढल्या काढल्या घाम फुटला असणार त्याला.

“आत या, आई येईलच,” म्हणत मी रेडिओकडे धावले. तेवढ्यात तिला पाकाचा वास आला असावा. “शेगडी चालू राहिलीय वाटतं,” म्हणत तिने पडदा बाजूला सारला.

बाबा मांडी घालून बसले होते. पाक नुकताच पडला होता. आता उठले असते तर सकाळपासूनचं काम मातीत गेलं असतं. ते उठले नाहीत. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण बोटं फिरत राहिली.

“सूनबाई,” ते परातीकडेच बघत म्हणाले, “बाहेर बोलू नका.”

प्रणिता दारात उभी राहिली, मग हळूच जवळ जाऊन जमिनीवर बसली. ताट तिने पुढे ठेवलं. बाबांनी डाव्या हाताने लगद्यातला एक दाणा उचलला.

“फ्रिज?”

“हो काका.”

“आणि रविवारी कार्यक्रम.”

“हो. वर सासूबाई डोकं धरून बसल्यात. माझ्या आईपुढं कसं तोंड दाखवू म्हणतायत. खाली यायला त्यांना जड जातंय, म्हणून मला पाठवलं.” मग ती परातीकडे बघत राहिली. “सगळा तुम्हीच करता?”

बाबांनी परात जराशी तिच्याकडे कलती केली, तिला काटा नीट दिसावा म्हणून. आपलं काम बाहेरच्या माणसाला दाखवताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

आई आली आणि सगळं ऐकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. प्रणिता गेल्यावर तिने तोंड सोडलं. “अडला हरी! परवा मला वाटी दाखवत होत्या. घर सोडा म्हणे. आता बसू दे फ्रिज घालून सुनेच्या गळ्यात!”

“पोरीची पहिली संक्रांत आहे,” बाबा म्हणाले. “मुंग्यांचं भांडण तिच्याशी नाही.”

“आणि हे गिऱ्हाइकाचे डब्यात तयार ठेवलेले दागिने द्यायचे काय तिला?”

“ते दुसऱ्या पोरीचे आहेत. त्याला हात लावायचा नाही. अर्धा काटा आलेला हलवा आहे माझ्याकडे, तो पुरा करतो. फक्त आभाळ यायला नको, दमट हवेत काटा धरत नाही.”

आभाळ आलं नाही. थंडी अशी पडली की बाबांनी खिडकी उघडी टाकून हलवा केला. शनिवारभर ते उठले नाहीत. आईने घास भरवला तो त्यांनी नजर न हलवता खाल्ला. काटा असा आला की दाणा चिमटीत धरायची भीती वाटावी. आई आणि मी ओवत होतो. तीन पदरी हार, वाकी, नथ, कमरेला पट्टा. रविवारी सकाळी आईने ताट वर नेऊन दिलं. काकूंनी ते बघितलं आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना, असं आई म्हणाली. काकूंच्या बाबतीत ही बातमीच होती.

हळदीकुंकवाला वरचा दिवाणखाना फुलून गेला होता. प्रणिता काळी चंद्रकळा नेसून खुर्चीवर बसली होती आणि दागिन्यांवरून कुणाची नजर हलत नव्हती. बायका वाकून वाकून बघत होत्या. कुणी म्हणालं पुण्याचे असणार, कुणी म्हणालं पुण्याला असं कुठं मिळतंय. काकूंनी मन मोठं केलं. “आमच्या खालच्या सुलभानं केलेत,” त्या म्हणाल्या, आणि सगळ्या माना आईकडे वळल्या.

आई कोपऱ्यात बसली होती, ओटीत गहू, खण, हातात वाण. तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं कौतुकाने.

“हाताला काय देणगी आहे हो तुमच्या,” प्रणिताची आई म्हणाली. कोल्हापूरच्या यादवबाई, मोठं कुंकू, मोठा आवाज. मग माझ्याकडे वळल्या. “आणि बाळ, तुझे वडील काय करतात?”

मी तोंड उघडलं. ‘बघतायत काहीतरी’ एवढंच म्हणायचं होतं. त्याआधीच काकू बोलल्या.

“काय करतात! बसून असतात. ही राबते आणि ते आयतं खातात. सुलभा, आज सगळ्यांदेखत सांगते. तू राहा. दागिने कर, मुंग्यांचं बघू काय ते. माझी अब्रू राखलीस, मी उपकार विसरणारी न्हाई. पण दिवसभर घरात बसून असणारा बाप्या मला खाली नको. घरात नवी सून आलीय, पाव्हणेरावळे येतात. त्याला म्हणावं कुठं तरी कामाला लाग, न्हाईतर गावाकडं जा.”

दोघीतिघी हसल्या. प्रणिताने खुर्चीतून आईकडे बघितलं. आईने वाण खाली ठेवलं आणि ती उभी राहिली.

“ते गावाकडं गेले काकू, तर पुढच्या संक्रांतीला साताऱ्याला हलवा मिळायचा नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे हे दागिने मी ओवलेत. हलवा त्यांनी केलाय. दाणा न दाणा. याच्या आधीचाही, तुमच्या सगळ्यांच्या सुनांना घातलात तोही. माझ्या हलव्याला काटा येत नाही. मी उठते, ते उठत नाहीत.” ती थांबली नाही. “तुम्ही मला सुगरण म्हणता आणि मी ऐकून घेते, कारण त्यांनी शपथ घातलीय. ती आज मोडली. नागोबा म्हणा, बसलेला म्हणा, ते पडद्याआड सगळं ऐकत असतात. आणि तरी हात हलका ठेवतात.”



“बाप्यानं केलाय?” कुणीतरी म्हणालं आणि खुसखुस सुरू झाली.

“मी बघितलंय,” प्रणिता खुर्चीतूनच म्हणाली. नवी सून, सासूच्या घरचा पहिला कार्यक्रम, पण आवाज ठाम होता. “फ्रिजमधले दागिने घेऊन मीच खाली गेले होते. मी समोर बसले तरी काकांचा हात थांबला नाही.”

फ्रिज हा शब्द ऐकताच काकूंनी डोळे मिटले. खुसखुस आता त्यांच्या दिशेने वळली. यादवबाईंनी मात्र मांडीवर थाप मारली. “त्यात हसायचं काय? आमच्याकडं पैलवान स्वतः थंडाई वाटतो. हसून बघा कुणी! बोलवा की त्यांना, मला हात बघायचेत त्यांचे.”

मी जिना उतरले तो पाय जमिनीला लागत नव्हते. मागून आई, तिच्यामागे अर्धं हळदीकुंकू जिन्यात. खाली अंगणात निकमकाका आणि प्रणिताचे वडील खुर्च्या टाकून बसले होते. बाबा दारात उभे होते. वरचा आवाज त्यांच्यापर्यंत आलाच असणार. चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

“सांगितलंस?” त्यांनी आईला हळूच विचारलं.

“सांगितलं.”

“शपथ घातली होती, सुलभा.”

“होती. पण तुमचं कौतुक मी माझ्या ओटीत किती दिवस घेऊ?”

बाबांनी तिच्या ओटीकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झाली होती. ते काही बोलणार, तेवढ्यात प्रणिताचे वडील खुर्चीतून उठले. भलेमोठे मिशीवाले गृहस्थ, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. पाहुण्याच्या रीतीप्रमाणे त्यांनी हात जोडले.

“नमस्कार. आपली ओळख राहूनच गेली. आपण काय करता?”

बाबांचे ओठ सवयीने हलले. “बघ…” एवढं बाहेर पडलं आणि ते थांबले. त्यांनी जिन्याकडे पाहिलं. कठड्याला रेलून बायका उभ्या होत्या, पुढे काकू, मागे काळ्या चंद्रकळेतली प्रणिता, तिच्या गळ्यात तो तीन पदरी हार.

“हलवा करतो,” बाबा म्हणाले. ते इतकं हळू आलं की त्यांनाच पुरेसं वाटलं नसावं. त्यांनी घसा खाकरला. “संक्रांतीचा हलवा करतो मी. सुनेच्या अंगावर आहे तो माझा. आत या, दाखवतो.”

आणि ते वळले, पुढच्या खोलीतून चालत गेले आणि मागच्या खोलीचा पडदा त्यांनी ओढून दोरीसकट खाली काढला. आईने पुढे त्याची पायपुसणी केली.

प्रणिताचे वडील चपला काढून आत गेले. त्यांच्यामागे निकमकाकाही गेले. जिन्याखाली बायकांच्या चपलांचा ढीग होताच, त्यात त्या दोन मोठ्या जोड्यांची भर पडली. काकू जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या राहून ते बघत होत्या. शेवटी त्यांनी पदर सारखा केला आणि आत ऐकू जाईल असं ओरडल्या, “शेटेभाऊजी, राहा तुम्ही! पण मुंग्यांचं तेवढं बघा!”

भाऊजी! इतके दिवस त्यांनी बाबांना हाकच मारली नव्हती.

आतून बाबांचं उत्तर आलं, चांगलं खणखणीत. कारखाना बंद पडल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. “काकू, तुम्ही फ्रिजला कुलूप लावा, मुंग्यांचं मी बघतो!”

जिनाभर हशा पिकला आणि त्यात सगळ्यात मोठ्याने काकू हसल्या.

त्या घरात आम्ही माझं लग्न होईपर्यंत राहिलो. शेगडी पुढच्या खोलीत खिडकीशी आली. येताजाता बायका विचारायच्या, “भाऊजी, काटा आला का?” आणि बाबा परात कलती करून दाखवायचे. पण मला आठवतो तो त्या रविवारनंतरचा सोमवार. शाळेत मला कुणी काहीही विचारलं नव्हतं. तरी मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मी बाकावर उभी राहिले आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, माझे बाबा हलवा करतात.